जुनी गाडी आणि नवा ब्रेक

'जुने ते सोने' ही म्हण आपण फार सैल हाताने वापरतो. सोन्याचा एक गुण त्यात विसरला जातो. सोने आटवता येते, त्याचा घाट बदलता येतो. आजीच्या पाटल्यांच्या नातीसाठी बांगड्या होतात आणि तरीही सोने सोनेच राहते. ज्या वस्तूत तसूभरही बदल चालणार नाही, तिला देव्हाऱ्यात ठेवावे, हळदकुंकू वाहावे. रस्त्यावर आणू नये. हे सारे सुचायला जे कारण घडले ते काही जणांना हास्यास्पद वाटेल. आमच्या घरात गेले वर्षभर एका ब्रेकवरून वाद चालू आहे.

वादाचा विषय आहे आजोबांची बुलेट. १९७१ सालची, साडेतीनशे सी.सी.ची. आजोबा साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. उसाच्या नोंदी घेत ते गावोगाव हिंडत आणि ही गाडी त्यांच्या बुडाखाली असे. गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात, अशी तिची तऱ्हा. आजच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला पहिले आठ दिवस घाम फोडणारी. आता ती मी चालवते. तिला पुढे सहा इंची ड्रमचा, एका कॅमचा ब्रेक आहे. त्याजागी त्याच जातीच्या नंतरच्या गाड्यांना आलेला सात इंची, दोन कॅमचा ब्रेक बसवावा, असे माझे म्हणणे. काकांचे म्हणणे, "अगं, बाबांनी ही गाडी आयुष्यभर याच ब्रेकवर चालवली. तू तिला हात लावलास की ती बाबांची गाडी राहिली नाही." काका हळवे होऊन बोलतात आणि त्या हळवेपणाचा मला आदर आहे. पण आदर वेगळा आणि सहमती वेगळी. या लेखात मी माझी बाजू मांडणार आहे. ती केवळ गाडीपुरती नाही, असे मला वाटते.

आधी ब्रेक म्हणजे काय ते पाहू. कारण आपण कला शाखेची मंडळी यंत्राचे नाव निघाले की 'ते सायन्सवाल्यांचे' म्हणून मोकळे होतो. ड्रम ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणारा एक पोकळ डबा, म्हणजे ड्रम. त्याच्या आत न फिरणाऱ्या प्लेटवर बसवलेले दोन अर्धवर्तुळाकार शू. शूंवर घर्षणासाठी लायनर चिकटवलेले. हातातली लिव्हर दाबली की केबल ओढली जाते, केबलमुळे कॅम फिरतो, कॅम दोन्ही शूंना फाकवतो आणि ते ड्रमला आतून घासतात.

खरी गंमत पुढे आहे. एका कॅमच्या ब्रेकमध्ये दोन्ही शू सारखे काम करत नाहीत. एका शूला फिरणारा ड्रम स्वतःच आत ओढून घेतो. दाराखाली पाचर अडकली आणि दार ढकलत राहिले, की पाचर जशी आणखी घट्ट बसते, तसा हा शू जितका घासेल तितका जास्त दाबला जातो. दुसऱ्या शूला मात्र तोच ड्रम मागे लोटतो. म्हणजे बैलजोडीतला एक बैल ओढतो आहे आणि दुसरा नुसता चालतो आहे. दोन कॅमच्या ब्रेकमध्ये प्रत्येक शूला स्वतंत्र कॅम असतो, दोन्ही कॅम एका दांडीने जोडलेले असतात आणि दोन्ही शू ओढणारे होतात. हाताला जोर तितकाच, पण थांबवण्याची ताकद पुष्कळ वाढलेली. त्यात ड्रम सहाऐवजी सात इंची, म्हणजे घासायला जागा जास्त, पकड केंद्रापासून दूर आणि उष्णता वाहून न्यायला धातूही जास्त.

पुढच्याच ब्रेकचा एवढा आग्रह का? गाडी थांबू लागली की वजन पुढे झुकते. एस.टी.त उभ्या असलेल्या माणसाचा तोल जसा पुढे जातो, तसाच. मागचे चाक हलके होते, पुढचे जड होते. म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे निम्म्याहून अधिक काम पुढचे चाक करते. पुष्कळ लोक 'पुढचा ब्रेक लावला की पडायला होते' या भीतीने आयुष्यभर मागच्या ब्रेकवर गाडी हाकतात. आणि हाताखालचा ब्रेक दुबळा असला, तर त्या भीतीला सवयीचे रूप येते.

आता थोडे गणित. गणिताच्या तासाला मीही मागच्या बाकावर बसत असे, तरी हे मला पटले आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वेग कमी होत असेल, तर ताशी ४० कि.मी. वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे साडेबारा मीटरमध्ये थांबते, ६० ची सव्वाअठ्ठावीस मीटरमध्ये आणि ८० ची पन्नास मीटरमध्ये. समोर काही दिसल्यापासून हात लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ६० च्या वेगात आणखी साडेसोळा मीटर निघून जातात, ते निराळेच. हाच जोर गुरुत्वाच्या सात दशांशांपर्यंत नेता आला, तर ६० वरून थांबायला वीस मीटर पुरतात. वाचले किती? आठ मीटर. कागदावर आठ मीटर म्हणजे काहीच नाही. रस्त्यावर ते आपल्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचे अंतर आहे. त्या अंतरात शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारी चार मुले सहज मावतात.

आणि वाईकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन माणसे बसलेल्या बुलेटचे वजन तीनशे किलोच्या आसपास धरले, तर ६० च्या वेगावरून ती थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर एक कप चहाचे पाणी उकळेल. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरणे म्हणजे पाचशे मीटरहून अधिक उंची खाली येणे. तेवढी शक्ती जिरवायची म्हणजे असे पस्तीस कप चहा! त्यातला बराचसा भार इंजिन आणि वारा उचलतात, हे खरे. म्हणूनच जाणती माणसे घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात. पण ज्याने हे ऐकलेले नाही आणि जो ब्रेक दाबून धरूनच उतरतो, त्याचा ड्रम तापून फुगतो, शूंपासून दूर जातो, तापलेल्या लायनरची पकड कमी होते आणि लिव्हर हळूहळू मुठीला येऊन टेकते. लहान ड्रम लवकर तापतो. घाटातले शेवटचे वळण हे सगळ्यांत तापलेल्या ब्रेकवर घ्यायचे असते, ही डोंगरातल्या माणसाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

यावर काकांच्या बाजूने तीन आक्षेप येतात. तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा की, इतकी वर्षे याच ब्रेकवर निभावले ना? निभावले, पण कोणत्या रस्त्यावर? आजोबा सांगतात की सकाळी घरून निघाले की पहिल्या गावापर्यंत एखादी एस.टी., दोनचार बैलगाड्या आणि सायकलवरचा पोस्टमन, एवढेच भेटायचे. त्यांचे चालवण्याचे सूत्र होते, "ब्रेक लावून थांबायचं नसतं, आधीच सोडून द्यायचं असतं." म्हणजे दुरून अंदाज घ्यायचा, मूठ सैल सोडायची, गाडी आपोआप मंदावते. हे सूत्र अजूनही सोन्यासारखे आहे. पण अंदाज घ्यायला मोकळे अंतर लागते, आणि ते आज कुणी ठेवू देत नाही. आपण सोडलेल्या जागेत दुसरा घुसतो. शिवाय पुढच्या मोटारीला चार चाकांना चांगले ब्रेक आणि चाके लॉक होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा असते. ती ज्या अंतरात थांबते, त्या अंतरात मागच्याला थांबता आले पाहिजे. आपल्याकडे १२५ सी.सी.हून मोठ्या दुचाकींच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि त्या वर्गातल्या सर्वच नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे झाले. सभोवारची सगळी गर्दी झटकन थांबायला शिकली असताना आपण एकट्यानेच सावकाश थांबायचे, याला बाणेदारपणा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. मूळ भाग काढला की वस्तू खोटी झाली. येथे मला विचारावेसे वाटते, मूळ म्हणजे कोणते? या गाडीचे टायर १९७१ चे नाहीत. असते तर ती दाराबाहेर काढण्याच्या लायकीची राहिली नसती. केबली किती वेळा बदलल्या, याची मोजदाद नाही. सहा व्होल्टची वीज बारा व्होल्टची करून दिवा उजळ करून घेणारे शौकीन आपल्या गाडीला बेधडक अस्सल म्हणतात. मग दिसण्यासाठी केलेला बदल चालतो आणि थांबण्यासाठी केलेला चालत नाही, हा कुठला न्याय? लायनरचेच घ्या. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत. त्याची धूळ श्वासातून गेली तर वर्षानुवर्षांनी फुप्फुसाचे असाध्य आजार होतात. तरीही जुना ड्रम उघडून तोंडाने फुंकर मारणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. ड्रम ओल्या फडक्याने पुसावा, फुंकू नये, हवेचा पाइपही मारू नये. अस्सलपणाच्या नावाखाली ते लायनर जपून ठेवा, असे कुणी म्हणेल काय?

आणि खुद्द या गाडीची परंपरा तरी काय सांगते? सैन्याच्या मागणीमुळे बुलेट आपल्या देशात रुजली आणि १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडियाचा कारखाना उभा राहिला. इंग्लंडमधले मूळचे उत्पादन १९७० पर्यंत बंद पडले, मद्रासचे चालू राहिले. का राहिले? गाडीचे रूप जपत तिच्या पोटातले बदलत गेले म्हणून. पुढे सात इंची दोन कॅमचा ड्रम आला, नंतर डिस्क आली, मग ए.बी.एस. आले. तिकडे होंडाने १९६९ मध्येच सीबी ७५० या गाडीला पुढे डिस्क ब्रेक देऊन टाकला होता. म्हणजे आमची गाडी जन्मली तेव्हाच तिचा ब्रेक जुना होऊ लागला होता. ज्या गाडीच्या घराण्यात ब्रेक बदलत राहणे हीच रीत आहे, तिचा ब्रेक बदलल्याने परंपरा मोडते, असे मला म्हणवत नाही.

याबाबत मी आजोबांनाच विचारले. काका शेजारीच होते. आजोबा म्हणाले, "मी कधीच बदलला असता, तेव्हा मिळत नव्हता." काका काही बोलले नाहीत. मला मात्र यात मोठा अर्थ दिसला. जो माणूस वस्तू रोज वापरतो, तो तिच्याबद्दल कधीच सोवळा नसतो. तो तिला ठोकतो, जोडतो, सुधारतो. सोवळेपण येते ते वापर संपल्यावर, वारसदारांच्या मनात. वाड्यात विजेच्या तारा आल्या तेव्हा आपल्या पणजोबांनी वाडा खोटा झाला म्हणून गळा काढला नाही. कंदील काढून ठेवला आणि मुलांना अभ्यासाला बसवले.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो आमच्या मराठीच्या सरांनी घेतला. ते म्हणाले, "प्रत्येक जण आपल्या सोयीने बदल करू लागला, तर मूळ शोधायचे कुठे? ज्ञानेश्वरीत लोकांनी आपापल्या ओव्या घुसवल्या, म्हणून शके १५०६ मध्ये नाथांना पाठशुद्धी करावी लागली." सरांचा मुद्दा मला मान्य आहे. आज जुन्या गाड्यांचे जे हाल चालले आहेत, ते पाहिले तर कोणालाही मान्य होईल. कान फाडणारे सायलेन्सर, कापलेले मडगार्ड, नको तितके रुंद टायर! त्यांना सुधारणा म्हणणे म्हणजे भाषेवर अन्याय आहे. पण सरांच्या दाखल्यातच त्याचे उत्तरही आहे. पाठ दूषित झाला तो बदल लपवले गेल्यामुळे. कुठली ओवी कुणाची, हे कुणी लिहून ठेवले नाही. चांगला संपादक काय करतो? मूळ पाठ हाताशी ठेवतो आणि आपली दुरुस्ती तळटिपेत उघड सांगतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १९६४ ची व्हेनिस सनद अभ्यासाला असते. वास्तूतला हरवलेला भाग नव्याने बसवताना तो बाकीच्याशी शोभून दिसावा, पण मुळाहून वेगळाही ओळखता यावा, असे ती सांगते. हाच नियम मोटारसायकलला का लावू नये?

तेव्हा माझी मर्यादा मी अशी आखली आहे. पहिली पायरी म्हणजे आहे त्याच ब्रेकला पूर्ण न्याय देणे. ड्रम वर्षानुवर्षांच्या वापराने लंबगोल झालेला असतो. तो चाकात स्पोक ताणून बसवलेला असतानाच लेथवर फिरवून गोल करून घ्यावा, कारण स्पोकांच्या ताणानेही त्याचा आकार बदलतो. लायनर ड्रमच्या गोलाईला बसेल असे घासून घ्यावे, नाहीतर टोकांपुरते टेकते आणि मधला भाग नुसता शोभेला राहतो. केबल नवी घालावी. ब्रेक पूर्ण लागतो त्या क्षणी कॅमची दांडी आणि केबल यांच्यात काटकोन असावा, म्हणजे हाताचा जोर वाया जात नाही. हे सारे आम्ही दिवाळीच्या सुटीत करून घेतले आणि याला काकांचीही हरकत नव्हती. ज्यांना पुढे जायचे नसेल, त्यांनी निदान एवढे तरी करावे. पुष्कळांच्या ब्रेकची तक्रार इथेच मिटेल.

दुसरी पायरी दोन कॅमच्या ब्रेकची. आमचे भांडण तिथे अडले आहे. ती चढताना माझ्या अटी आहेत. फोर्कचे पाय, चाकाची आस आणि ब्रेक प्लेट फिरू नये म्हणून असलेला आधार नव्या हबशी तंतोतंत जुळला पाहिजे. काही कापायचे नाही, काही वेल्डिंग करायचे नाही. जुने हब, जुनी प्लेट, जुने शू पुसून, तेलाचा हात देऊन पेटीत ठेवायचे आणि कधी, काय, का बदलले ते वहीत लिहायचे. ती वही म्हणजे माझी तळटीप. उद्या कुणाला गाडी पूर्ववत करावीशी वाटली, तर एका दुपारचे काम.

तिसरी पायरी डिस्कची. तिथे मी थांबते. डिस्क ड्रमहून उत्तम, यात वाद नाही. पण जुना फोर्क कॅलिपर धरण्यासाठी घडवलेला नाही. त्यावर पट्ट्या वेल्ड करून कॅलिपर टांगणे म्हणजे थांबण्याच्या नादात फोर्कच धोक्यात घालणे. ज्याला डिस्कच हवी आहे, त्याने ती असलेली नवी गाडी घ्यावी. दोन कॅमच्या ब्रेकचाही एक दोष सांगून ठेवते. गाडी मागे घसरू लागली की दोन्ही ओढणारे शू मागे लोटले जाणारे होतात आणि पकड कमी पडते. चढावर थांबताना भरवसा मागच्या ब्रेकवरच ठेवावा.

कायद्याचाही विचार हवा. गाडीत उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. पुढे २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम आणले: वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि रोजच्या वापराला बंदी. गाडी मूळ स्वरूपात हवी, अशी अट त्यात आहे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांतला बदल त्यात बसत नाही. ब्रेकचे नाव तिथे घेतलेले नाही. म्हणून मोकळे रान मिळाले, असा अर्थ मी काढत नाही. त्याच कारखान्याने त्याच जातीच्या गाडीला दिलेला भाग वापरणे आणि आधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारणे, हा सरळ मार्ग आहे.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळे लिहिताना माझ्या मनात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता. आजोबांच्या आठवणीची किंमत कुणी द्यायची? आम्ही घरच्यांनी दिली तर ठीक आहे. आठवण आमची आहे. पण रस्त्यावर समोर येणाऱ्या माणसाचा त्या आठवणीशी काय संबंध? बाजारातून पिशवी घेऊन निघालेली बाई, चेंडूमागे धावलेले पोर, यांनी आमच्या गाडीच्या अस्सलपणाला संमती दिलेली नाही. घरात जपलेल्या जुन्या वस्तूवर घराचा हक्क असतो. तीच वस्तू रस्त्यावर आली की तिच्यावर तिऱ्हाइताचाही हक्क निर्माण होतो, आणि त्याचा पहिला हक्क हा की तिने वेळेवर थांबावे. म्हणूनच मला काकांचा हळवेपणा कळतो आणि तरी मान्य होत नाही.

जुन्यावर प्रेम करणाऱ्यांपुढे दोन प्रामाणिक वाटा आहेत. एक, वस्तू आहे तशी ठेवावी, पुसावी, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवावी आणि वापरू नये. दुसरी, ती वापरावी आणि वापराला लायक ठेवावी. जे बदलले ते लिहून ठेवावे, जे काढले ते जपून ठेवावे. दोन्ही वाटांना माझा नमस्कार आहे. तिसरी वाट, म्हणजे वापरायचे पण सुधारायचे नाही, ही मला प्रेमाची वाटत नाही. तो नुसता हट्ट आहे. आणि हे मोटारसायकलपुरते नाही. आपल्या रूढी, आपल्या संस्था, आपले हे कॉलेजसुद्धा याच कसोटीवर घासून पाहायला हरकत नाही. सात इंची ब्रेक खोक्यात तयार आहे. काका अजून 'हो' म्हणालेले नाहीत. ते म्हणेपर्यंत मी पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवून आणि ताशी ४० च्या आत गाडी चालवते आहे. आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना खुशाल पुढे जाऊ देते.